आत्या, ती दुधाची वाटी आधी खाली ठेव

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला आत्याचा व्हिडिओ कॉल आला. उचलला तर आत्या नाहीच, एक स्टीलची वाटी, वाटीत दूध, आणि मागून आवाज, "बघ गं, निळं दिसतंय ना? कडेला बघ, कडेला!" आतेभावाची मीन रास, साडेसाती जोरात, त्यात नोकरी गेलेली, म्हणून ओळखीतल्या एका खडेवाल्याने सव्वापाच रत्तीचा नीलम आणून दिलेला. ७,००० रुपये रत्ती, म्हणजे ३६,७५० रुपये. तीन रात्री उशाखाली ठेवा, वाईट स्वप्नं पडली नाहीत तर पैसे द्या, असा सौदा. आता नीलम उशाखाली ठेवून बघतात हे मलाही माहितीये, पण खडा खरा आहे का ते कोणी बघायचं? त्यासाठी आत्याकडे व्हॉट्सॅपवर आलेला मेसेज होता ना.

तो तुम्हालाही आला असेल, मला त्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. "नीलम घेताय? थांबा! सराफ तुम्हाला ही ७ सत्यं कधीच सांगणार नाही." खाली यादी: अस्सल नीलम दूध निळं करतो, अस्सल नीलम काच कापतो, आत रेघ-डाग दिसला की नकली, जितका गडद तितका महाग, तापवलेला म्हणजे नकली, घ्यायचा तर काश्मिरीच, आणि सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका, नीलमचे पैसे दरवर्षी दुप्पट होतात. (सातव्यात दोन मुद्दे कोंबलेत, पण असो.) शेवटी "हे शास्त्रात लिहिलंय" आणि हात जोडलेले चार इमोजी.

मी सहा वर्षं एका पेढीवर काउंटरला होते, खडे ओळखण्याचा छोटा कोर्सही केलाय, त्यामुळे घरात कोणी अंगठी काढली की माझ्याकडे येते. साडेसातीवर मी काही बोलणार नाही, त्या विषयावर आत्याशी जिंकलेला माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय. पण ३६,७५० रुपयांवर बोलणार. शनिवारी सकाळच्या गाडीने सांगलीला गेले.

आधी दूधच घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. नीलम म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. माणिक तेच, आपण ज्याला पुष्कराज म्हणतो तो पिवळा खडाही तेच. त्यात क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीने शिरले की निळा. हा रंग स्फटिकाच्या आत कणाकणात बसलेला असतो, तो काही चहाच्या पुडीसारखा दुधात उतरत नाही. खडा बाहेर काढल्यावरही दूध निळंच राहिलं तर आनंदाने नाचू नका, खड्याला वरून रंग लावलाय एवढाच त्याचा अर्थ.

मग निळं दिसतं ते काय? आत्याच्या ओट्यावर तीन वाट्या मांडल्या, तिन्हीत पिशवीतलं टोन्ड दूध, जेमतेम बुडेल इतकंच. एकीत तिचा नीलम, दुसरीत तिच्याच फुटक्या निळ्या बांगडीचा तुकडा, तिसरीत काहीच नाही. शेजारच्या काकूंना बोलावलं आणि विचारलं, खडा कुठल्या वाटीत? काकूंनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि बोट ठेवलं बांगडीच्या वाटीवर! "हिच्यात तेज जास्त आहे." निळ्या कुठल्याही वस्तूवर दुधाचा पातळ थर आला की खालचा रंग वर डोकावतो, मग ती वस्तू नीलम असो की बाटलीचं झाकण. आणि टोन्ड दूध तर कडेला तसंही जरा निळसर दिसतं, त्यातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. तिसऱ्या वाटीकडे बघून आत्या म्हणाली, "अगं, ही पण निळीच." हो आत्या, ही पण.

आता "शास्त्रात लिहिलंय" बद्दल. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते, नाइलाजाने. लिहिलेलं आहे. गरुडपुराणाच्या आचारकांडात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत, त्यात इंद्रनीलाचा, म्हणजे नीलमचाच, एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात दूधही आहे. पण काय आहे ते वाचा ना! रंगाच्या दाटपणामुळे जो खडा स्वतःच्या शंभरपट दुधाला निळेपणा आणतो त्याला 'महानील' म्हणावं, असं आहे. म्हणजे ते गडद रंगाच्या एका जातीचं नाव सांगतायत, खरं-खोटं ओळखायची परीक्षा नाही सांगत. खरं-खोटं त्याच अध्यायात वेगळं येतं: काच, स्फटिक वगैरे इंद्रनीलासारखे दिसणारे परके खडे असतात, ते वजनाने आणि कठीणपणाने ओळखावेत. वजन आणि कठीणपणा! पुराण लिहिणाऱ्याला काचेचा धंदा चांगला माहीत होता, मेसेज लिहिणाऱ्याने त्यातलं दूध तेवढं उचललं आणि कामाची ओळ सोडून दिली.

तर म्हटलं शास्त्राप्रमाणेच करू. माझ्याकडे जुना छोटा डिजिटल काटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. कोरडा खडा भरला ०.९६ ग्रॅम. (रत्तीचा घोळ इथेच सांगते, या धंद्यातली पक्की रत्ती म्हणजे साधारण ०.९१ कॅरेट आणि सोनाराची रत्ती त्याहून बरीच हलकी, त्यामुळे 'रत्तीचा भाव' ऐकलात की कुठली रत्ती ते आधी विचारा, नाहीतर सरळ कॅरेटमध्ये बोला, कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात वाद नाही.) मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि खडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता. काटा ०.२४ वर गेला, म्हणजे खड्याएवढ्याच आकाराच्या पाण्याचं वजन ०.२४ ग्रॅम. ०.९६ भागिले ०.२४, चार. कुरुंद पाण्याच्या चौपट जड असतो, बांगडीची काच अडीच पटीच्या आसपास येते. म्हणजे हा खडा काच नक्की नव्हता. आत्याचा चेहरा एकदम उजळला आणि मला पुढचं बोलायला जड गेलं.

काच कापायचा मुद्दा याच्यातच निघाला. नीलम कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर ९ वर, काच साडेपाचच्या आसपास, ओरखडा पडणारच. पण साधा स्फटिक (क्वार्ट्झ) ७ वर असतो, तोही काचेला ओरखडतो. आणि कारखान्यात बनवलेला नीलम? तोही ९, तोही चौपट जड, कारण तोही कुरुंदच आहे! व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भट्टीत माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, पुढच्या काही वर्षांत निळाही जमला. म्हणजे आपल्या पणजीच्या काळापासून हा माल बाजारात आहे. भारी घड्याळाच्या काचेला 'सफायर' म्हणतात ती हीच, बिनरंगाची.

म्हणून भिंग लागतं, दहापटीचं. आणि म्हणूनच मेसेजमधला डागांचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो बरोब्बर उलटा आहे. जमिनीतल्या खड्यात काही ना काही असतंच. रेशमासारख्या बारीक सुया, बोटाच्या ठशासारखी नक्षी, आणि रंगाचे पट्टे असले तर सरळ, कोपऱ्यावर वळलेले, मधमाशीच्या पोळ्याच्या घरासारखे. (वरपर्यंत आलेली भेग मात्र वाईट, तिने खडा फुटू शकतो, एवढं मान्य.) भट्टीतल्या खड्यात काय दिसतं? बहुतेक वेळा काहीच नाही, लख्ख. किंवा बारीक बुडबुडे. किंवा रंगाच्या गोलाईत वळलेल्या रेघा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. आत्याचा खडा मी पांढऱ्या कागदावर पाण्यात ठेवला, खालून मोबाईलचा टॉर्च, वरून भिंग. बराच वेळ काही नाही. मग जरा तिरका केला आणि एका बाजूला रेघा दिसल्या. वळलेल्या. मी परत परत बघितलं. आत्या विचारत होती, "काय गं, डाग आहे का?" डाग असता तर बरं झालं असतं.

बाकीचे मुद्दे पटकन उरकते.

गडद म्हणजे महाग, नाही. संध्याकाळी शाई सांडल्यासारखा काळा दिसणारा नीलम स्वस्तच असतो, लोह जास्त झालं की तसा होतो. भाव मिळतो तो मध्यम ते जरा गडद, पण जिवंत निळ्याला. पेढीवरच्या दिव्याखाली बघू नका, दाराशी उजेडात या, हलवा, कुठे काळा पडतोय बघा. आणि उलटा करून बाजूनेही बघा, काही सिलोनी खड्यांत रंग फक्त खालच्या टोकाला असतो, वरून बघितलं तर अख्खा खडा निळा आणि बाजूने पाण्यासारखा. फसवणूकच असते असं नाही, कारागिराने हुशारीने पैलू पाडलेले असतात, पण भाव करताना माहीत हवं. खाली छापील कागद ठेवून मधोमध अक्षरं वाचता आली तर तिथे पैलूचा कोन चुकलाय, खड्याचं पाणी तिथे मेलेलं.

तापवलेला म्हणजे नकली, हेही नाही. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. श्रीलंकेत 'गेउडा' म्हणून दुधी, फिके खडे निघतात, त्यांना पूर्वी कोणी विचारत नव्हतं, १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते दीड हजार अंशांच्या वर तापवले तर आतल्या सुया विरघळल्या, त्यातलं टायटॅनियम मोकळं झालं आणि खडे निळेशार. तो रंग कायमचा. न तापवलेल्याला जास्त भाव हे खरं, आणि तापवलेला 'नैसर्गिक रंगाचा' म्हणून विकला तर ती चोरी हेही खरं. पण खरी भीती वेगळीच आहे, बाहेरून टायटॅनियम किंवा बेरिलियम मुरवलेले आणि भेगांत कोबाल्टची निळी काच भरलेले खडे. (पुराणात आगीचाही उल्लेख आहे बरं का, गुण वाढवायला रत्न अग्नीत घालू नये, आचेचा अंदाज चुकला तर बिघडतं, असा. म्हणजे तेव्हाही कोणीतरी घालत असणारच.)

काश्मिरी. इथे अर्धं सत्य आहे, काश्मिरी नीलम खरंच अव्वल, मखमलीसारखा. १८८१ च्या सुमाराला किश्तवाडकडच्या पाडर भागात दरड कोसळली आणि खाण उघडी पडली, पण खरा माल निघाला जेमतेम पाच-सहा वर्षं, १८८७ पर्यंत. नंतर मधूनमधून खोदलं, तसं घबाड परत सापडलं नाही. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २७.६८ कॅरेटचा एक काश्मिरी नीलम कॅरेटला सुमारे २,४२,००० डॉलरने गेला. डॉलरने! आणि मेसेजच्या खालच्या लिंकवर 'ओरिजनल काश्मिरी' ३,००० रुपये रत्ती. जाऊ दे.

दरवर्षी दुप्पट होतं म्हणणाऱ्याने एकदा घरातला खडा विकायला न्यावा. सोन्याला रोजचा भाव असतो, खड्याला नसतो, ज्याने विकला तोच परत घेताना तोंड वाकडं करतो. सहा वर्षं मी ते तोंड काउंटरच्या आतून बघितलंय.

राहिलं सर्टिफिकेट. 'एएए ग्रेड' लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नाही, ती अक्षरं विकणाऱ्याची स्वतःची असतात. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नसंस्थेसारखी लॅब नीलमला असा दर्जा देतच नाही, ती सांगते की खडा काय आहे, नैसर्गिक की बनवलेला, त्यावर काय केलंय, आणि वेगळं मागितलं तर कुठल्या देशातला. आत्याचा खडा खडेवाल्याला विचारून मी पुण्याला आणला, लॅबला दिला, १,८०० रुपये गेले. रिपोर्टवर एकच ओळ कामाची होती: सिंथेटिक सफायर. असा खडा घाऊक बाजारात काही शे रुपयांत मिळतो.

आत्याने खडेवाल्याला फोन केला. तो अजिबात चिडला नाही, उलट त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "ताई, मला पण वरूनच असा आला हो. मी स्वतः दुधात घालून बघितला होता." मला वाटतं तो खरं बोलत होता.

आणि त्या शनिवारचं तीन वाट्यांचं दूध आत्याने वाया घालवलं नाही, बांगडीचा तुकडा काढून गाळून एकत्र विरजलं. सकाळी दही पांढरंच होतं.