‘वय अधिक शंभर’ हे रक्तदाबाचे गणित नव्हे

माझ्या ७६ वर्षांच्या मावशीने रक्तदाबाच्या नोंदवहीत ‘१७२/९४’ या आकड्यापुढे ‘वयानुसार ठीक’ असे लिहिले आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. निमित्त एका फिरत्या संदेशाचे: वयात शंभर मिळवा, येईल तो आपला योग्य वरचा दाब, डोके दुखत नसेल तर काळजी नको, गोळ्यांची सवय लागते आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

या हिशेबाने नव्वदीच्या माणसाला १९० चा दाबही शोभून दिसायचा! वयाबरोबर धमन्या ताठर होऊन वरचा दाब चढतो, आणि एके काळी डॉक्टरही हेच सूत्र सांगत, एवढे मान्य करावे लागते. पण मोतीबिंदूही वयाबरोबरच येतो. त्याला कोणी निरोगी डोळा म्हणत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत ८० आणि त्यापुढील वयाचे ३,८४५ रुग्ण होते आणि त्यांचा आरंभीचा सरासरी दाब होता १७३/९१, म्हणजे जवळजवळ मावशीचाच आकडा. काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांचा दाब १५०/८० पर्यंत आणण्याचे उद्दिष्ट होते. त्यांच्यात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. संदेशाच्या सूत्रानुसार यातल्या बहुतेकांना औषधाची गरजच नव्हती.

डोकेदुखीचे म्हणणे तर उघड धोकादायक आहे, कारण बहुतेकांना वाढलेला दाब जाणवतच नाही. दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असे काही झाले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. गोळी थांबवल्यावर दाब पुन्हा चढतो तो आजार कायम असल्यामुळे, व्यसनामुळे नव्हे. मूत्रपिंडांची हानी गोळ्यांपेक्षा अनियंत्रित दाबानेच होते. काही गोळ्यांसोबत रक्ततपासणी करावी लागते, इतकेच.

काही वृद्धांना गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते, हे मात्र खरे. अशा वेळी बसून आणि उभे राहून दाब मोजून डॉक्टर मात्रा बदलतात. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि बोलू नये. मावशी यंत्राचा पट्टा फुगत असतानाच फोनवर तो संदेश मला वाचून दाखवत होती.