‘सात हजार रुपये पाण्यात गेले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी आमच्या दोन्ही सरांनाही वाचून दाखवला. दहावीसाठी आमच्या ॲपचे सात हजार भरले, जूनपासून मुलगा रोज तास-दीड तास मोबाइल घेऊन बसतो, ‘धडा पूर्ण’ असा मेसेज तुम्हाला रोज येतो, आणि सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १३ पडले. नववीपर्यंत बरा चाललेला मुलगा ऑनलाइनमुळे बिघडला, असं तुमचं म्हणणं आहे.

त्या मेसेजची चूक पूर्णपणे आमची. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की तो आपोआप जायचा. मुलानं एक तरी गणित सोडवलं का, हे त्यात कुठंच नव्हतं. तुम्ही त्यावर विसंबून राहिलात, यात तुमचं काहीच चुकलं नाही.

तुमच्या मुलाचा हिशेब मी इथे चारचौघांत मांडणार नाही. दुसऱ्या एका मुलीचं सांगतो. दिवाळीनंतर ऑनलाइनच्या मुलांना आम्ही मिरजेच्या वर्गावर बोलावून कोरे कागद दिले. वर्गसमीकरणाचा व्हिडिओ तिनं दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा दीडपट वेगानं. अवयव पाडायचे होते : गुणाकार उणे ६, बेरीज ५. तिनं झटकन २ आणि ३ लिहिले. बेरीज जमली, पण गुणाकार अधिक ६ येतोय हे ध्यानातच आलं नाही. उत्तर होतं ६ आणि उणे १. ‘सर, व्हिडिओत तर कळलं होतं,’ ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. सर सोडवत असताना सगळं कळतंच. तिची अडचण दहावीची नव्हतीच, चिन्हांचा गुणाकार मागेच कच्चा राहिला होता आणि आमच्या ॲपला ते पाच महिने दिसलं नाही.

ऑनलाइननं मुलं बिघडतातच, हे मात्र मला पटत नाही. दिल्लीत सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांचा अभ्यास झाला होता, २०१९ ला तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर दिलं. साडेचार महिन्यांत ती गणितात आणि हिंदीत इतरांच्या चांगलीच पुढे गेली. पण ती घरी एकटी बसत नव्हती. केंद्रावर पाऊण तास संगणक आणि पाऊण तास शिक्षकासमोर, असं चालायचं. शिवाय सॉफ्टवेअर इयत्ता न बघता मूल खरोखर जिथं अडलंय तिथून सुरुवात करायचं. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

आमचं ॲप लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. २०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आपलं शिकवणं पोचलं का, हे त्या वर्षी कळायला मार्गच नव्हता. पुढची वर्षं मात्र तपासता आलं असतं. आम्ही तपासलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘धडा पूर्ण’ आता बंद केलंय. मुलानं पाच गणितं वहीत सोडवून फोटो पाठवायचा, सरांनी तपासला की मगच घरी मेसेज जाईल, आणि कुठं चुकलं तेही त्यात असेल. रविवारी सकाळी दोन तास ऑनलाइनच्या मुलांसाठी वर्ग उघडा आहे, वेगळी फी नाही. ‘८५ टक्के नक्की’ असं तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं, तसं सांगायला नको होतं. त्याबद्दल माफी मागतो. तरीही थांबायचं असेल तर उरलेल्या महिन्यांची फी आठवड्याभरात परत करतो.

संध्याकाळी साडेसातनंतर मी वर्गावरच असतो. त्याला घेऊन या. मोबाइल नको, गणिताची वही आणा. नववीची ठेवली असेल तर तीही.