बांगडे कोण तळत होतं?

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन अकरा दिवस झाले. पहिल्याच रात्री उत्तर लिहिलं होतं. सकाळी चहाबरोबर वाचलं तर नुसतं भांडण होतं, म्हणून पुसलं. हे दुसरं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिलमध्ये आम्ही चौघे मित्र गोव्यात पेडण्याला एकाच्या घरी जमलो होतो, त्या दुपारच्या जेवणावर मी लिहिलं होतं. हुर्राक (काजूच्या बोंडांची हंगामी दारू), तळलेले बांगडे, सुंगटाचं हुमण (कोळंबीची आमटी), उकडा भात आणि साडेतीन तास गप्पा. शेवटी नाशिकच्या वाइनवर दोन परिच्छेद. त्यावर तुम्ही लिहिलंत की गावातली बाटली आडवी करायला, म्हणजे मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद करायला, तुम्ही बायका दीड वर्ष दारोदार फिरलात, आणि माझ्यासारखी शिकलेली माणसं तीच बाटली केळीच्या पानाशेजारी मांडून तिला संस्कृती म्हणतात. थोडी वाइन हृदयाला बरी, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? वाइनने शेतकऱ्याचं भलं होतं, हे कुठल्या शेतकऱ्याने? आणि शेवटची ओळ: "तुम्ही चौघे साडेतीन तास बसून होतात, तर बांगडे कोण तळत होतं?"

आधीच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती. शेवटच्याचं उत्तर एका शब्दाचं आहे, आणि तेच लिहायला हात उचलत नव्हता. वहिनी.

मित्राचं स्वयंपाकघर मागच्या पडवीला लागून आहे. आम्ही पडवीत, वाऱ्याला. आत तव्यासमोर वहिनी. बांगड्याला चिरा दिलेल्या, हळद-मीठ-तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ठेवलेलं, रव्यात घोळवून एका वेळी तीन तव्यावर. दर दहा मिनिटांनी ताटली बाहेर यायची. आम्ही दर वेळी म्हणायचो, "वहिनी, तुम्हीपण बसा ना," आणि त्या म्हणायच्या, "येते, एवढे झाले की." दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की हे नुसतं म्हणायचं असतं. आम्ही साडेबाराला बसलो, त्या चारला जेवल्या. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी माझाच लेख पुन्हा काढून पाहिला. बाराशे शब्दांत त्यांचा उल्लेख नाही. एक वाक्य आहे: "गरमागरम बांगडे येत होते." येत होते! जणू पाय फुटून येत होते.

तेव्हा तो मुद्दा तुमचा.

हृदयाचाही तुमचाच. ती ओळ मी लेखातून काढून टाकली आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच माणसांची हृदयं रेड वाइनमुळे धडधाकट राहतात असं सांगितलं गेलं, तिथे रेड वाइनचा खप वाढला, आणि तेव्हापासून ही समजूत जगभर फिरते आहे. प्यायचीच असते त्याला ती फार सोयीची पडते. मलाही पडत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ सालीच दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने सरळ सांगितलं की अमुक इतकी घेतली तर धोका नाही, असं कुठलंच प्रमाण नाही. (गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्रात प्यायला जो परवाना लागतो, विदेशीचा एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो तो, त्याचं कारण कागदोपत्री 'प्रकृती राखण्यासाठी' असं आहे. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो अजून चालू आहे, हे परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांना माहीत असेल?)

वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही मी कधी म्हणणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा काही पुढारी तसं बोलत होते. साधा हिशेब करा. ७५० मिलीची बाटली, तीत १३ टक्के अल्कोहोल, म्हणजे ९७ मिलीच्या वर शुद्ध दारू. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ती साधारण २५ मिली असते. म्हणजे एक अख्खी बाटली जवळजवळ चार मोठ्या पेगांच्या तोडीची. ग्लासाला नाजूक दांडा असला म्हणून यकृत फसत नाही.

शेतकऱ्याचं म्हणाल तर, ताई, मी निफाड तालुक्यातला. वडील माळकरी, बाग द्राक्षाची. चुलत्यांनी खाण्याच्या द्राक्षाचा एक प्लॉट मोडून वाइनच्या जातीची लागवड केली होती, एका वायनरीशी करार करून. लहान मणी, जाड साल, आत बी. आम्ही पोरं तोडून खायचो आणि थुंकायचो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, सगळं तसंच. पण बाजारात विकायला नेलं तर कोणी हात लावणार नाही. घेणारा एकच. मग मंदी आली, त्या वायनरीने दोन हंगामांचे पैसे अडकवले, आणि २०१० साली चुलत्यांनी बागेला कुऱ्हाड लावली. खोडं चुलीला गेली. तारा आणि अँगल तसेच उभे होते वर्षभर, नंतर तिथे टोमॅटो झाला. तेव्हा शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून वाइनची वकिली मी तरी करायला नको होती. त्या दोन परिच्छेदांमधला "बळीराजा" हा शब्द मला आज स्वतःलाच टोचतो.

एवढं सगळं मान्य करून झालं. आता जिथे तुमचं पटत नाही तिथे येतो.

तुम्ही म्हणता, "जेवणाबरोबर" ही पळवाट आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आपल्याकडे प्यायला शब्द कुठला आहे? 'बसणं'. "आज बसायचं का?" त्यात जेवण नाही, चव नाही, घर नाही. काळ्या काचांची परमिट रूम, फुकट मिळणारे खारे शेंगदाणे, मसाला पापड, फार तर चणे किंवा उकडलेलं अंडं. मीठ असं की घसा कोरडा पडावा आणि पुढचा पेग मागवावा. चखण्याचं कामच ते. पोटात काही नाही. रात्री अकराला कोणीतरी म्हणतं, "जेवण सांगायचं का?" आणि मग थंड झालेली तंदुरी रोटी अर्धी तोडून माणूस दुचाकीला किक मारतो. मी पंचविशीत सात-आठ वर्षं असाच 'बसलो' आहे. त्या काळात मी काय प्यायलो याची चव मला आठवत नाही, कारण चवीशी कोणाचाच संबंध नव्हता. बाटली संपवायची असते, कारण ती घरी नेता येत नाही.

पोटात अन्न असलं की काय होतं हे शरीराच्या अंगानेही सरळ आहे. दारू रक्तात भिनते ती मुख्यतः लहान आतड्यातून. जठरात भात-मासा असला की खालची झडप लवकर उघडत नाही, दारू थोडी थोडी पुढे सरकते. उपाशीपोटी ती सरळ खाली उतरते आणि डोक्यात जाते. एकूण दारू तेवढीच राहते, यकृताला काम तेवढंच. त्यात सूट नाही. एका मोठ्या पेगमध्ये सुमारे वीस ग्रॅम दारू, आणि यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं, म्हणजे एकाच पेगला दोन ते तीन तास. म्हणून गाडीचा नियम मी जेवणाच्या नावाखाली सैल करत नाही. पेडण्याला आम्ही मुक्कामी होतो, ते लेखात लिहायला हवं होतं.

पण जेवणाचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. हुमणाबरोबर पीत असाल तर हुमण संपतं तेव्हा तुम्हीही संपता. जेवणाला शेवट असतो, बैठकीला नसतो. शिवाय जेवण काय आहे त्याचा विचार करावा लागतो, आणि विचार करणारा माणूस कमी पितो. एकदा घरी मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर मी हौसेने महागाची शिराझ ही रेड वाइन उघडली. दोन घोटांत सगळ्यांची तोंडं पेटली. मिरची आणि दारू जिभेवरच्या एकाच जळजळीला डिवचतात, त्यात रेड वाइनचा तुरटपणा म्हणजे जळत्या घरात तेल. ती बाटली तशीच बाजूला राहिली. त्याच रश्श्याबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन, चांगली गार, अर्धा ग्लास, एवढी पुरते. तिखटाला गोडाची साथ लागते हे अळूवडीत चिंच-गूळ घालणाऱ्या आपल्या आज्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कोथिंबीरवडी किंवा तळलेल्या मासळीला लिंबासारखी आंबट सोविन्यों ब्लां, तीही व्हाइटच. आणि रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं म्हणणाऱ्याने निफाडला मे महिन्यात येऊन ती रूम बघावी. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कोणी तुरुंगात टाकत नाही.

तुम्ही म्हणाल, हा पुन्हा सुरू झाला. खरं आहे. आवडतं म्हणून लिहितो, त्याला आरोग्य आणि शेतकरी अशी कारणं जोडली नसती तर बरं झालं असतं, एवढं तुमच्यामुळे कळलं.

आता तुमच्या गावाबद्दल. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई कामाला गेली, माहेरी गेली, नवऱ्याच्या धाकाने घरीच राहिली, ती आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. असं मतदान जिंकणं काय असतं याची मला कल्पनासुद्धा करता येणार नाही. तुमच्या गावातला माणूस क्वार्टर घेतो ती हुमणाबरोबर नव्हे, ती मजुरीच्या पैशातून, आणि चूल त्या दिवशी पेटेल की नाही हे त्यावर ठरतं. तिथे माझं 'चवीने प्या' म्हणजे शहाणपणा मिरवणं. तुमच्या गावात मला मत असतं तर, नाही, मला मत नसतंच, ते तिथे फक्त बायकांना होतं आणि तेच योग्य आहे.

एक शंका मात्र राहते. दुकान बंद झालं की हातभट्टी बंद होते का? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल मिसळलेली, स्वस्त, प्लास्टिकच्या पिशवीतली. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, आणि तिथे गावागावातल्या बायकांनी ती धरून ठेवली म्हणून ती नुसती कागदावर राहिली नाही. तुमच्या गावात आता, बाटली आडवी झाल्यावर, काय चाललंय ते लिहाल का? इथेच लिहा, प्रतिक्रियेत मावलं नाही तर स्वतंत्र पान देतो. एकही शब्द बदलणार नाही.

संस्कृती या शब्दावरही थोडं. काजूचं झाड सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा ठरवलं. सरकारने ठरवलं म्हणून मी तिला संस्कृती म्हणत नाही. त्या दिवशी सकाळी मित्राच्या शेजाऱ्यांच्या भट्टीवर गेलो होतो. जांभ्या दगडात कोरलेल्या कुंडीत बोंडू (काजूची फळं) पायांनी तुडवत होते, माश्या, उग्र गोड वास, पाय घोट्यापर्यंत पिवळे. रस तीन दिवस आंबतो, मग तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, घालून खालून लाकडं लावतात, वाफ नळीतून पाण्यात ठेवलेल्या लावणी नावाच्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेचं ते हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचं, पुन्हा गाळलं की बेचाळीसच्या आसपासची फेणी. हुर्राक मार्च ते मे एवढंच. साठवून ठेवण्यात अर्थ नाही. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, सोडा. हे करणारी माणसं तिथे आहेत, त्यांचे हात आहेत, म्हणून मी तो शब्द वापरला. तो मागे घेत नाही.

मित्राला तुमची प्रतिक्रिया पाठवली होती. त्याने ती वहिनींना वाचून दाखवली. त्या खूप हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या, "त्या ताईंना बोलाव." पुढच्या एप्रिलला तवा आम्हा चौघांकडे आहे, मला बांगडा उलटता येत नाही, मोडतो, तर आतापासून सराव चालू केलाय. वहिनी हुर्राक पीत नाहीत. त्यांच्यासाठी आणि तुम्ही आलात तर तुमच्यासाठी नीरो असेल: बोंडूच्या चोथ्यावर वजन ठेवून रात्रभर थेंब थेंब निथळलेला रस, स्वच्छ, गोड, दारूचा अंश नसलेला. फक्त सकाळी लवकर या. उन्हं चढली की तो फसफसायला लागतो, आणि मग तो तुमच्या बाजूचा राहत नाही.