बर्फातलं हृदय दोन दिवस टिकत नाही

सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. दात्याचं हृदय बर्फाच्या पेटीत दोन दिवस सहज टिकतं, म्हणे. तेव्हा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून (गोमेकॉ) दाबोळी विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका पळवणं हा देखावा. शिवाय आता यंत्रं आलीत, घाई कशाला? आणि हृदय धडधडत असतानाच काढतात, म्हणजे माणूस जिवंतच असतो. हे वाचून एखादं कुटुंब अवयवदानाला नकार देईल, म्हणून गप्प बसवत नाही.

‘दोन दिवस टिकतं’ हे साफ चूक. पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात, निर्जंतुक पिशव्यांत घालून ४ अंश सेल्सियसच्या आसपास नेतात. थंडीने पेशींची भूक खूप कमी होते, पण मरत नाही. ऊर्जेचा साठा आटतच राहतो. म्हणून मर्यादा साधारण ४ तासांची. मूत्रपिंड २४ तासही राहू शकतं. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. जास्त बर्फ घालूनही भागत नाही, कारण बर्फ थेट टेकला तर स्नायू गोठून निकामी होतो.

आणि हे ४ तास नुसत्या प्रवासाचे नव्हेत. दात्याच्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चिमटा लागला की घड्याळ सुरू होतं, ते रुग्णाच्या छातीत हृदय शिवून त्यात रक्त सोडेपर्यंत चालतं. शिवायलाच तासभर लागतो. मुंबईचं विमान तासाहून जास्त. गोमेकॉपासून निघालेली रुग्णवाहिका वाहतुकीत अडकली, तर ती मिनिटं परत कुठून आणायची?

यंत्रं आहेत, हे खरं. एका यंत्रात हृदय उबदार रक्तावर धडधडत ठेवतात; अमेरिकेत त्याला २०२१मध्ये मान्यता मिळाली. त्याने तास वाढतात, दिवस नव्हे. ते महागडंही आहे.

‘धडधडतं म्हणजे जिवंत’ हा सर्वांत घातक दावा. हृदयाचे ठोके हृदयातच निर्माण होतात. व्हेंटिलेटर प्राणवायू देतो तोवर ते चालतं. मेंदू मृत झाल्यावर श्वास परतत नाही. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदू मृत आहे का, याची चार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर आपला गोवाही होता. तपासणीनंतरही रुग्णालयं जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतात.