बॉनेट उघडतो हो मी! डीपीएफच्या लाईटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

उत्तर लांबलंय, आधीच सांगतो. डीपीएफची, म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, पिवळी लाईट लागली की गाडी हायवेला काढून २०-२५ मिनिटं पळवा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं की हा सल्ला अर्धवट आहे, आधी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायला हवा, ऑइलची लेव्हल बघायला हवी, आणि वर ते शेवटचं वाक्य, "असले सल्ले देणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीचं बॉनेट तरी कधी उघडलंय का?"

आधी माझी चूक. एके ठिकाणी 'राख जळून जाते' असं पडलंय, तिथे काजळी हवं होतं. काजळी जळते, राख जळत नाही, ती ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची असते आणि फिल्टरमध्येच साठत जाते, म्हणून तर कमी राखेचं ऑइल टाकायचं. घाईत झालं, दुरुस्त केलंय, आभार. आता त्या एका शब्दावरून "बेसिकच कच्चं" म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पण बॉनेटचं लागलं मला, खोटं कशाला बोलू. चूक दाखवा ना, कोण नको म्हणतंय, पण समोरचा कोण, काय, काही माहीत नसताना एकदम असं? ११ वर्षं डिझेल चालवतोय मी. मागच्या वर्षी माझ्याच गाडीला ही लाईट लागली. पळवली, चौथ्या गिअरला अडीच हजार आरपीएम धरून, विझली. चार दिवसांनी परत लागली, परत पळवली, परत विझली. तिसऱ्यांदा विझली तर नाहीच, वर चेक इंजिनची लाईट लागली आणि गाडी गेली लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन जपायला तिने स्वतःच ताकद कमी केली, मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून आणि मी पाय पूर्ण दाबलाय तरी गाडी साठच्या पुढे सरकेना. सर्व्हिस सेंटरवाल्याने हात न लावताच सांगितलं फिल्टर गेला, नवीन टाका. नाही टाकला. घरी आणली आणि स्वतः, बॉनेट उघडून बरं का, प्रेशर सेन्सरला जाणाऱ्या दोन रबरी नळ्या काढल्या. एक वरून ठणठणीत दिसत होती, पण बोटात धरून वाकवली तर जोडापाशी केसाएवढी चीर उघडली आणि अंगठ्याला काळं लागलं. फिल्टरच्या आधी दाब किती आणि नंतर किती हे गाडीला त्या नळ्यांवरूनच कळतं, नळीच फुटकी तर आकडा खरा कुठून येणार? नळी बदलली, मित्राच्या स्कॅनरने कोड काढले, एक फोर्स्ड रिजन मारलं, म्हणजे स्कॅनरवरून हुकूम देऊन फिल्टरमधली काजळी जाळली, संपलं.

आता तुम्ही म्हणणार, मग पहिल्याच दिवशी कोड वाचला असता तर! ते वेगळं. मुद्दा बॉनेटचा चाललाय.

आणि 'पळवा' हे मी हवेत नव्हतं सोडलं. रोजचं दोन-तीन किलोमीटर जाणं-येणं असलं की सायलेन्सर तापतच नाही, काजळी जळायला साधारण ६०० अंश लागतात, त्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतात, ते पुढे जळून फिल्टर तापतो. त्यात टाकी रिझर्व्हला असली तर बहुतेक गाड्या हे सुरूच करत नाहीत. आणि मध्येच चावी काढली की सगळं अर्धवट, तेव्हा आयडलिंग चढलेलं असतं, गाडी बंद केली तरी फॅन घुंघुं करत राहतो, लोकांना वाटतं बिघडली. लाईट स्थिर असेल तरच पळवायची, ब्लिंक होत असेल किंवा जोडीला चेक इंजिन असेल तर गप मेकॅनिक गाठायचा, हेही लिहिलं होतं की! शेवटून दुसरा परिच्छेद. तिथपर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक तुमचं टायपिंग सुरू झालं.

राहिलं ऑइल. हो, रिजन सारखं अर्धवट राहिलं की ते जादाचं डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, लेव्हल चढते. पण विषय लाईटचा होता, सगळंच एका लेखात कोंबायचं का? कोड रीडर प्रत्येकाकडे नसतो, त्यावर मी काय बोलणार.

बाकी तुमची प्रतिक्रिया वाचून काल डिपस्टिक काढली होती. मॅक्सच्या खुणेच्या अर्धा बोट वर आहे, वासही डिझेलचा येतोय. उद्या ऑइल बदलून घेतोय, तसंही ड्यू होतंच.