पक्याचा हप्ता आणि नानांचा न्याय

एमडी (मेफेड्रॉन, नशेची पावडर) पकडल्याची बातमी सगळ्यांनीच वाचली होती. नाशिकच्या पंचवटीतला आमचा कट्टा, चहा यायचाय अजून आणि नाना सुरू. "एमडीवाल्यांना चौकात फोडून काढा. २०२३ ला शिंदे गावात एमडीची फॅक्टरी पकडली तेव्हाच सांगितलं होतं मी."

"कोणाला?" मंग्या.

"इथेच!"

नानांना चहात साखर कमी पडली तरी फाशीच सुचते.

विषय खरा पक्याचा. नशेपायी मोबाईल, सायकली, शेवटी गल्लीतल्याच काकूंची चेन खेचली. आत जाऊन आला, मग व्यसनमुक्ती केंद्र, आता मंग्याच्या गॅरेजवर असतो आणि दर महिन्याला काकूंच्या दारात जाऊन पाचशे रुपये देतो. काकू जाळीचं दार उघडत नाहीत. जाळीतूनच नोटा घेतात, मोजतात, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशोबाखाली लिहितात आणि आत जातात. माफ केलं असं एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांनी का म्हणावं?

"नाटकं सगळी. रामकुंडात डुबकी मार म्हणावं, पाप धुऊन निघेल."

"डुबकीने चेन परत येते का नाना? कोर्टात केस सरकार विरुद्ध पक्या, काकू नुसत्या साक्षीदार. चेन त्यांची, ओरखडा त्यांच्या मानेवर, आणि तुम्हाला काय पाहिजे हे त्यांना विचारलं कोणी?"

वकील (खराखुरा वकील, पण सल्ला फुकट देतो म्हणून कोणी ऐकत नाही) म्हणाला, कॅनडात १९७४ ला एल्मायरा गावात दोन पोरांनी नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, जजने त्यांना त्या लोकांच्या दारात पाठवलं, तोंडावर माफी मागायला लावली, भरपाई द्यायला लावली, आणि त्यातला एक पुढे स्वतःच असल्या समेटाच्या कामात पडला. "आपल्या नव्या न्याय संहितेतपण आहे, पहिलीच चोरी, माल ५ हजारांच्या आतला आणि परत केला तर सामुदायिक सेवा. चेन खेचणं मात्र त्यात बसत नाही."

"बघा! पक्या बसत नाही!" नाना खूश.

"तो नाहीच बसत, दिवसभर उभा असतो गॅरेजवर. बसलेले तुम्ही, सकाळपासून." मंग्या.

"परत पुडी घेईल, लिहून ठेव."

"घेईलपण. म्हणून तर गल्ल्याची किल्ली माझ्याच खिशात असते. पण काम काढून घेतलं तर आजच घेईल."

"तुझं काही गेलं असतं म्हणजे कळलं असतं!"

"माझा जॅक त्यानेच विकला होता नाना. पगारातून कापतोय."

नाना दोन सेकंद गप्प. तेवढ्यात बाळ्याने नानांकडच्या ९८ च्या गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला, झालं.

"त्याचं ऑडिट झालंय!"

"तुमच्या मेव्हण्याने केलं ना?"

"नाना, महिन्याला पाचशे चालेल मंडळाला," मंग्या म्हणाला, "आम्ही दार उघडून घेऊ." वकिलाला ठसका लागला, नानांनी चपला घातल्या आणि शुगरच्या गोळीची वेळ झाली म्हणत निघाले, चहा न पिता आणि अर्थातच पैसे न देता.