संचारबंदी लावली की झालं?

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाचं नाव पुन्हा बातम्यांत दिसलं की माझं डोकं तापतं. मार्च २०२४ मध्ये तिथे अठराखालच्या मुलांना संध्याकाळी सहा ते सकाळी सहा गावाच्या मध्यभागात फिरायला बंदी घातली. जेमतेम तीन आठवडे. जुलैत परत संचारबंदी, या वेळी लहानथोर सगळ्यांनाच. मग प्रांतात निवडणूक, सत्तापालट, आणि ऑक्टोबरमध्ये फौजदारी जबाबदारीचं वय, म्हणजे ज्या वयापासून मुलावर गुन्हा दाखल करता येतो ते, बारावरून पुन्हा दहावर. दहा! चौथी-पाचवीतलं पोर हो ते!

दुकानांच्या काचा फुटतात, लोक जीव मुठीत धरून राहतात, हे खरंच आहे. त्यांचा संताप मला कळतो. पण रात्री अकराला रस्त्यावर सापडलेल्या पोराला पोलिसांनी गाडीत घालून घरी सोडायचं, तर कुठल्या घरी? खचाखच माणसं, दारू, मारहाण, यातूनच तर कितीतरी पोरं बाहेर पडलेली असतात. त्या घराचं काय करणार ते आधी बोला ना! दर वेळी तेच: अजून पोलीस, अजून कडक कायदा. राहायला धड घरं आणि रात्री उघडं असणारं सुरक्षित ठिकाण यांना वर्षानुवर्षं पैसा लागतो, म्हणून ते भाषणाच्या शेवटी एका वाक्यात उरकतात.